सातव्या क्रमांकाचा जुगार: कसोटीत मारकुटा अष्टपैलू हवा की नको?

विरार_फास्ट (धागाकर्ता)

परवा गाडीत सुरू झालेला वाद विरार आलं म्हणून अर्धवट राहिला. तो इथे पुरा करायला आलोय.

विषय निघाला शार्दूल ठाकूरवरून. जून २०२५, लीड्सची कसोटी. अष्टपैलू म्हणून त्याला घेतलं. इंग्लंडचा पहिला डाव शंभर षटकांवर चालला, त्यात शार्दूलच्या वाट्याला आली सहा. फलंदाजीत १ आणि ४. पुढच्या एजबॅस्टनच्या कसोटीत बाहेर. समोरच्या सीटवरचे काका म्हणाले, "हे अर्धे फलंदाज अर्धे गोलंदाज वनडेत ठीक. कसोटीत सातव्या नंबरला येऊन बॅट फिरवणारा माणूस म्हणजे निव्वळ जुगार."

मी पालघर बाजूचा, म्हणजे पक्षपाती आहे हे आधीच कबूल. शार्दूल पालघरहून किट घेऊन लोकलने यायचा, हे आमच्याकडे पोरापोराला पाठ आहे. आजही आमच्या गाडीच्या दारात कोणा पोराची किटबॅग आडवी पडलेली असली की लोक आधी शिव्या घालतात आणि मग कोणीतरी म्हणतो, "असू दे, शार्दूल असेल."

पण भावना सोडा. सप्टेंबर २०२१, इंग्लंडविरुद्ध लंडनचं ओव्हल. आपण ७ बाद १२७. ढगाळ हवा, चेंडू हलतोय, कोहली अर्धशतक करून गेलेला. तिथे या माणसाने ३६ चेंडूंत ५७ मारल्या. डाव १९१ वर संपला, म्हणजे धावसंख्या काही मोठी नव्हती. पण १४० आणि १९१ यांत कसोटी कुठल्या कुठे जाते ते दुसऱ्या डावात कळलं. तिथे पुन्हा ६०. आणि शेवटच्या दिवशी बर्न्स आणि हमीद शंभराची सलामी देऊन बसले असताना पहिली विकेट यानेच काढली, पुढे रूटचा त्रिफळाही यानेच. १५७ धावांनी जिंकलो. वाडेकरांच्या १९७१ च्या विजयानंतर ओव्हलवर पन्नास वर्षांनी.

त्या सामन्याच्या स्कोअरबोर्डवर रोहितचं शतक ठळक दिसतं आणि ते हवंच. पण शार्दूलला वगळून तो सामना जिंकून दाखवा.

बोला.

---

आकडेमोडे

धागा छान, पण यात एक जुनी चलाखी आहे. गाबा (ब्रिस्बेनचं मैदान) आणि ओव्हल. शार्दूलवर कोणीही लिहिलं की हीच दोन स्टेशनं लागतात. मधली सगळी फास्ट गाडीने सोडलेली. जोहान्सबर्गच्या वाँडरर्सला त्याने ६१ धावांत ७ बळी घेतले, मनापासून कौतुक आहे, पण ती कसोटी आपण हरलो.

मारकुट्या अष्टपैलूचं हिशेबाला फार सोपं असतं. लागला तर "सामना फिरवला", नाही लागला तर "तो त्याचा नैसर्गिक खेळ". ही सवलत पुजाराला कोणी दिली होती का?

मला कसोटीत जडेजासारखा माणूस हवा. २०२५ ला मँचेस्टरला जडेजा आणि सुंदर यांनी नाबाद २०३ ची भागी करून सामना वाचवला. दोघेही अष्टपैलू, आणि तासन् तास कोणी वेडंवाकडं काही केलं नाही. इंग्लंडचा कर्णधार स्टोक्स हात मिळवायला आला तर त्यालाच ताटकळत ठेवलं, शतकं पुरी केली, मग घरी गेले.

---

लेगबाय

"मारकुटा" शब्दाला माझा आक्षेप. मारकुटा बैल असतो किंवा आमचे सातवीचे गणिताचे मास्तर. आक्रमक म्हणा.

---

विरार_फास्ट

@लेगबाय, बैल आणि मास्तर दोघांसमोर क्षेत्ररक्षण मागे जायचं ना? मग शब्द बरोबर आहे.

---

जुना_दादरकर

मुलांनो, मी थोडं मागचं सांगतो.

फेब्रुवारी १९८०, वानखेडे. क्रिकेट बोर्डाच्या सुवर्णमहोत्सवाची इंग्लंडविरुद्धची कसोटी. मी तेव्हा कॉलेजात. पहिल्या दिवसानंतर लगेच सुट्टीचा दिवस, कारण १६ तारखेला सूर्यग्रहण. आईने मला घराबाहेर पडू दिलं नाही, खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. त्या दिवशी मुंबईचे रस्ते जेवढे रिकामे पाहिले तेवढे पुढे फक्त करोनात.

आपल्या २४२. इंग्लंड ५ बाद ५८. आता आपलाच सामना, असं सगळं स्टँड म्हणत होतं. बोथम उभा होता आणि यष्टिरक्षक बॉब टेलर त्याच्या सोबतीला. कपिलच्या चेंडूवर टेलरला पंचांनी यष्टीमागे झेलबाद दिलं. टेलर थांबला, चेहऱ्यावरून कळत होतं की बॅट लागलेली नाही. आपला कर्णधार विश्वनाथ, आमचा लाडका विशी, पंचांकडे गेला आणि त्याला परत बोलावला. आम्ही टाळ्या वाजवल्या. विशीच तो, तो दुसरं काय करणार! त्या दोघांनी मिळून १७१ जोडल्या.

पण मला सांगायचंय ते टेलरचं नाही. बोथमने ११४ केल्या त्या कशा, ते. आपला दोशी एका टोकाने अचूक टाकत होता. बोथमने त्याला झोडपला असं नाही. तो अधूनमधून एकच असा मारायचा की मिडऑफ, म्हणजे समोर जवळ उभा असलेला क्षेत्ररक्षक, मागे जायचा. मिडऑफ मागे गेला की तिथे एक धाव. टेलर त्या एकेका धावेवर जगला. धावा बोथमच्या नावावर दिसतात, पण टेलरच्या ४३ मधल्या निम्म्या मी बोथमच्याच खात्यात टाकतो.

आणि हे सगळं त्याने कशाच्या मध्ये केलं? पहिल्या डावात ६ बळी, दुसऱ्यात ७. एकाच कसोटीत शतक आणि दहा बळी, असं पुरुषांच्या क्रिकेटमध्ये त्याआधी कोणी केलं नव्हतं. एक माणूस आम्हाला दहा गड्यांनी हरवून गेला. घरी चालत आलो. बसला पैसे होते, पण बसमध्ये बसवेना.

---

आकडेमोडे

काका, बोथम हा अपवाद आहे. अपवादाच्या मापाने सगळ्यांचे शर्ट शिवता येत नाहीत. शिवाय बोथमची पूर्ण कारकीर्द पाहिली तर फलंदाजीची सरासरी ३३ च्या आसपास. कपिलची ३१. या आकड्यांवर आज कोणी सहाव्या नंबरला उभं करेल?

---

नॉर्थ_स्टँड

कपिलचं नाव आलंच आहे तर दिल्ली १९८४ काढल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. डिसेंबर १९८४, इंग्लंडविरुद्धची मालिका. मुंबईची कसोटी शिवरामकृष्णनने जिंकून दिली होती. दिल्लीत शेवटच्या दिवशी सामना वाचवायचा होता, नुसतं टिकायचं होतं. कपिल आला, पोकॉकला एक षटकार मारला, आणि लगेच दुसरा मारायला जाऊन सीमारेषेजवळ झेल देऊन परत. संदीप पाटीलही तसाच चुकीचा फटका मारून गेला. डाव कोसळला, आठ गड्यांनी हरलो.

कलकत्त्याच्या कसोटीतून दोघांना वगळलं. शिस्त म्हणून. निर्णय निवड समितीचा, राग मात्र ईडनच्या पब्लिकने कर्णधार गावस्करवर काढला. "नो कपिल, नो टेस्ट" चे फलक लागले. आणि त्या कसोटीत आपण खेळलो कसे? इतके रेंगाळत, की फिल एडमंड्स सीमारेषेवर उभा राहून वर्तमानपत्र वाचू लागला! आपण ७ बाद ४३७ वर डाव सोडला तोवर सामन्यात जीव उरला नव्हता. लोकांनी मैदानात फळं फेकली. गावस्कर पुढे १९८७ ला पाकिस्तानविरुद्ध ईडनवर खेळलेच नाहीत, ते याच्यामुळे.

कपिल १३१ कसोट्या खेळला. ६६ सलग, मग ही एक वगळलेली, मग पुन्हा ६५ सलग. पायाला, पाठीला, मांडीला काही झालं म्हणून त्याची एकही कसोटी चुकली नाही. चुकली ती एका फटक्यामुळे.

आता तुलना करा. १९९०, लॉर्ड्स. इंग्लंडच्या गूचच्या ३३३. फॉलोऑन टाळायला २४ हव्यात, शेवटची जोडी, दुसऱ्या टोकाला हिरवाणी. कपिलने हेमिंग्जला सलग चार षटकार मारले. चारही सरळ. पुढच्या षटकात पहिल्याच चेंडूवर हिरवाणी गेला. त्यातला एक चेंडू वर उडून लाँगऑनच्या हातात गेला असता तर? तर कपिल पुन्हा "बेजबाबदार". त्याचा फटका तोच, माणूस तोच. दिल्लीला त्याला शिक्षा झाली आणि लॉर्ड्सच्या त्या फटक्यांवर आजही व्हिडिओ निघतात.

---

आकडेमोडे

फटका तोच नव्हता हो. दिल्लीला टिकायचं होतं. लॉर्ड्सला हिरवाणीवर भरवसा ठेवून टिकणं अशक्य होतं, म्हणून मारणं हाच बचाव होता. एकात प्रसंग कळला नाही, दुसऱ्यात कळला. माझा मुद्दा हाच आहे. आणि ती लॉर्ड्सची कसोटीही आपण २४७ धावांनी हरलो, ते सोयीस्कर विसरताय.

---

नॉर्थ_स्टँड

विसरलो नाही. आणि तुमचा मुद्दा अर्धा मान्य. संदीप पाटीलसाठी तो पूर्ण लागू झाला, हे मात्र दुखतं. कपिल मद्रासला परत आला. पाटील कसोटीत परत दिसला नाही. १९८२ ला मँचेस्टरला विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारणारा माणूस, वय फार तर अठ्ठावीस. तो गोलंदाजीही थोडी करायचा, पण "थोडी". कपिलला परत आणावंच लागलं कारण नवा चेंडू टाकायला दुसरा होता कोण?

हे वाक्य लिहिताना मला माझंच उत्तर सापडलं बहुधा. मारण्याची मुभा त्याच्या बॅटीने नव्हे, चेंडूने मिळवलेली होती.

---

लीड्सवाली_मंजिरी

शार्दूलच्या त्या सहा षटकांच्या कसोटीला मी होते, पण मला २०१९ बद्दल लिहायचंय. आमचं घर हेडिंग्लीपासून चालत अर्ध्या तासावर. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाची तिकिटं रद्द झाली म्हणून चौथ्या दिवसाची आम्हाला मिळाली. इंग्लंड पहिल्या डावात ६७ सर्वबाद झालेलं, त्यामुळे रद्द करणाऱ्याची चूक नव्हती. मी डब्यात पराठे आणि लोणचं घेऊन गेले होते, लंचपर्यंत संपेल या हिशेबाने.

सगळ्यांना स्टोक्सच्या नाबाद १३५ आठवतात. त्यातले आठ षटकार आठवतात. मला आठवतो तो आदल्या संध्याकाळचा स्कोअर: स्टोक्स ५० चेंडूंत २. दोन! मारकुटा म्हणून ज्याची ख्याती, तो पन्नास चेंडू नुसता अडवत बसला होता. आणि त्याआधी ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात त्याने २४ षटकं टाकून ३ बळी घेतले होते. म्हणजे थकलेला.

नऊ गडी बाद झाले तेव्हा ७३ हव्या होत्या. शेवटचा गडी लीच आला, चष्मा पुसला. मग जे झालं ते झालं. लीच चेंडू खेळत असताना स्टोक्स दुसऱ्या टोकाला उकिडवा बसायचा, मान खाली, बघायचाच नाही. माझ्या शेजारचे यॉर्कशायरचे आजोबाही बघत नव्हते. दोन धावा हव्या असताना लायनच्या हातून धावबाद सुटला, पुढच्याच चेंडूवर स्टोक्स पायचीत असावा असं आम्हा सगळ्यांना वाटलं, पंचांनी नाही म्हटलं, आणि ऑस्ट्रेलियाचे रिव्ह्यू संपलेले. लीचची एक धाव आणि भागी ७६ ची.

@आकडेमोडे, कधी दोन धावांवर बसायचं हे ज्याला कळतं त्यालाच आठ षटकार मारायचा हक्क आहे, असं तुम्ही म्हणत असाल तर माझं अनुमोदन. पराठे तसेच परत आणले.

---

नागपुरी_संत्रं

ताई, पराठे इकडे पाठवून द्यायचे होते ना.

शार्दूलबद्दल आम्हा विदर्भवाल्यांना विचारा राजेहो. मार्च २०२४, रणजी फायनल, वानखेडे. मुंबई ६ बाद १११. आम्ही टीव्हीसमोर चहा सांगून बसलेलो. हा आला आणि ६९ चेंडूंत ७५ मारून गेला. मुंबई २२४. मग आमचा डाव १०५ वर आटोपला. पुढे आमच्या पोरांनी चौथ्या डावात ३६८ केल्या, जीव तोडून खेळले, पण करंडक गेला तो त्या पहिल्या संध्याकाळीच. त्याच्या आधी सेमीफायनलला तामिळनाडूविरुद्ध ७ बाद १०६ वरून यानेच १०९ केल्या होत्या. आमच्या तोंडचा घास काढून नेला बाबा त्यानं. मी तर म्हणतो त्याला भारताकडूनच खेळवा, म्हणजे रणजीत येणार नाही.

---

आझाद_मैदान_१७

मी वर्षानुवर्षं कांगा लीग, म्हणजे मुंबईची पावसाळ्यातली क्लब स्पर्धा, खेळलोय, खालच्या डिव्हिजनला. तिथलं एक सांगतो.

पावसात भिजलेली उघडी खेळपट्टी. एक चेंडू डोक्यावरून, पुढचा घोट्याला. मैदानातलं गवत एवढं वाढलेलं की मारलेला ड्राइव्ह वीस पावलांवर जाऊन रुततो. अशा ठिकाणी तंत्राने खेळणारा पंधरा चेंडूंत तीन करतो आणि सोळाव्याला जातो, आणि जो हवेतून मारतो त्याच्याच वीस-पंचवीस होतात. तिथे वीस म्हणजे अर्धशतक समजायचं.

एका रविवारी मी सातव्या नंबरला जाऊन पहिलाच चेंडू षटकार मारला आणि दुसऱ्याला मिडविकेटला झेल दिला. कर्णधाराने तंबूत सगळ्यांसमोर झापलं. "अक्कल गहाण ठेवलीस का?" त्याहून वाईट म्हणजे नंतर गोलंदाजीलाच आणलं नाही. मी आपला थर्डमॅनला गुडघाभर गवतात उभा, बुटात पाणी. पुढच्या रविवारी तोच फटका तीनदा बसला, सामना जिंकलो, आणि तोच कर्णधार म्हणतो, "मी म्हटलंच होतं, बिनधास्त खेळ."

म्हणून मला शार्दूलच्या धावांपेक्षा ती सहा षटकं जास्त टोचतात. मधल्या फळीत मारणारा माणूस ठेवायचा फायदा काय, तर तुम्हाला पाचवा गोलंदाज मिळतो आणि बुमराला जरा श्वास घेता येतो. ती षटकं त्याला द्यायचीच नसतील, तर त्याला घेतला कशाला? आणि षटकं नाहीत म्हटल्यावर तो फलंदाजीला येतो तो धास्तावून. आता धावा केल्याच पाहिजेत, नाही तर मी इथे आहे कशाला, असं वाटलं की मारणाऱ्याचा हात अर्ध्यात थांबतो. अर्ध्यात थांबलेला फटका म्हणजे झेल. हे मी गवतात उभा राहून शिकलोय.

त्याच कसोटीत दुसऱ्या डावात त्याला चेंडू मिळाला तेव्हा काय झालं ते आठवा. डकेट १४९ वर, सामना हातातून चाललेला. लागोपाठ दोन चेंडूंवर डकेट आणि ब्रूक.

---

आकडेमोडे

आणि तरीही इंग्लंडने ३७१ पाच गडी राखून केल्या. पण षटकांचा मुद्दा पटला. यात दोष निवडीचा की वापराचा, हे वेगळं काढायला हवं होतं, मी नाही काढलं.

---

लेगबाय

आकडेमोड्यांना काही पटलं, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मी एक काडी टाकतो. लॉर्ड्स २०२५. १९३ हव्या होत्या. जडेजा १८१ चेंडूंत नाबाद ६१. बुमराने ५४ चेंडू खेळून काढले, सिराजने अडवलेला चेंडू घरंगळत जाऊन यष्टीवर लागला, आणि आपण २२ धावांनी हरलो. जडेजाच्या जागी कपिल असता तर?

---

विरार_फास्ट

कपिल असता तर एक तर चहाच्या आधी जिंकलो असतो, नाही तर जेवणाच्या आधी हरलो असतो. 😀

चेष्टा सोडा. जडेजाला दोष देणारे मला पटत नाहीत. दहावा-अकरावा गडी सोबत घेऊन त्याने सामना जिथवर नेला तिथवर आपल्यापैकी कोणाला आशा नव्हती. पण एक नक्की की तो लांब मारणार नाही हे स्टोक्सला कळलं होतं, आणि त्याने क्षेत्ररक्षण त्या हिशेबाने लावलं. षटकाच्या पहिल्या चार चेंडूंना जडेजाला एक धाव सहज मिळेल अशी जागा, शेवटच्या दोनांना ती बंद. दादरकर काकांनी सांगितलेला मिडऑफ इथे मागे गेला, पण फलंदाजाच्या नव्हे, कर्णधाराच्या मर्जीने.

आणि त्याच दिवशी समोर कोण होता बघा. स्टोक्सने त्या डावात २४ षटकं टाकली, ३ बळी.

---

लीड्सवाली_मंजिरी

आणि पुढच्या मँचेस्टर कसोटीत त्याने ५ बळी आणि १४१ केल्या. मग खांदा गेला. ओव्हलला नव्हताच. त्यात पहिल्या दिवशी वोक्सचाही खांदा निखळला. आपल्या दुसऱ्या डावात इंग्लंडकडे खरे गोलंदाज उरले तीन. ३९६ केल्या आपण. स्टोक्स नुसता पंधरा षटकं टाकायला असता तरी? इकडचे सगळे तेच म्हणत होते, वोक्स एक हात स्वेटरमध्ये बांधून फलंदाजीला आला तेव्हा तर फारच.

---

नागपुरी_संत्रं

त्या ३९६ मध्ये सुंदरने काय केलं ते कोणी बोलूनच नाही राहिलं! शेवटची जोडी, प्रसिध दुसऱ्या टोकाला. ३९ ची भागी, त्यात प्रसिधचा भोपळा. चार षटकार, ४६ चेंडूंत ५३. आणि सामना आपण जिंकला किती धावांनी? सहा!

---

आकडेमोडे

हे मी मुद्दामच काढत नव्हतो, कारण माझ्या विरोधात जातं. मँचेस्टरला दुपारभर चेंडू सोडत शतक करणारा आणि आठवड्याने ओव्हलला षटकार मारणारा माणूस एकच. सुंदरला तुम्ही मारकुटा म्हणणार असाल तर मी तुमच्या पार्टीत. पण मग तुमचा शार्दूल त्या पार्टीत बसतो का, हे तुम्हीच सांगा.

---

विरार_फास्ट

गाबाला १८६ वर सहा गेले होते तेव्हा याच सुंदरबरोबर शार्दूलने १२३ जोडल्या. सुंदर ६२, शार्दूल ६७. सुंदरची ती पहिली कसोटी, आणि शार्दूलची म्हटली तर पहिलीच, कारण हैदराबादला पदार्पणात दहा चेंडू टाकून तो दुखापतीने बाहेर गेला होता. त्या भागीत तो बराच वेळ सरळ बॅटने खेळला होता, बघा परत. शिवाय सामन्यात सात बळी. बसतो की नाही तुम्ही ठरवा, माझं मत पक्षपाती आहे हे वर पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलंय.

गाडीतले काका आज भेटले नाहीत. भेटले की हा धागा वाचून दाखवीन.

---

जुना_दादरकर

त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि जुना अष्टपैलू सलीम दुराणीचं नाव शंभर प्रतिसादांपर्यंत कोणी काढलं नाही तर मी स्वतंत्र धागा काढणार आहे.

---

आझाद_मैदान_१७

अवांतर: येत्या रविवारी शिवाजी पार्कला आमची साधी मैत्रीची मॅच आहे. सातव्या नंबरवाला मेव्हण्याच्या लग्नाला चाललाय. कोणी येतंय का? थोडी गोलंदाजी येत असेल तर बरं. कर्णधार या वेळी मी आहे, षटकं देईन.